जुना गेमिंग संगणक: मदरबोर्डापाशी थांबावे की पुढे जावे?

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या वडगावातल्या माझ्या पुतण्याचा संगणक गेम खेळता खेळता अडखळू लागला, तेव्हा त्याचा निर्णय आधीच होऊन गेला होता. "काका, आता नवीनच घेऊया की," असे म्हणत त्याने दुकानातून आणलेले कोटेशन माझ्यापुढे ठेवले. मी ते बाजूला ठेवून आधी कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढले. शेजारी यंत्रमाग चालत असल्याने प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणाऱ्या हीटसिंकमध्ये सुताच्या तंतूंची जाड गादी बसली होती, रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती आणि तीही तिच्या वेष्टनावर छापलेल्या वेगापेक्षा कितीतरी कमी वेगाने चालत होती. जो संगणक बदलायचे ठरले होते, तो अनेक महिने आपल्या पूर्ण ताकदीने चाललाच नव्हता.

संगणक वाढवावा की नवा जुळवावा, हा प्रश्न आपण बहुधा वयावरून सोडवतो; सात वर्षे झाली, आता बदलायला हवा, असे म्हणून मोकळे होतो. माझ्या मते वय हा यातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. खरी सीमारेषा मदरबोर्डाची, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि कार्ड ज्यावर बसतात त्या मुख्य पाटाची आहे. मदरबोर्ड जागेवर ठेवून ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी किंवा त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खोबणीत) बसणारा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घालता येत असेल, तर ते अपग्रेड होय. ज्या दिवशी मदरबोर्ड काढावा लागतो, त्या दिवशी त्याच्याबरोबर प्रोसेसर जातो, बहुतेक वेळा रॅमही जाते, मदरबोर्डाशी बांधलेला विंडोजचा परवानाही जाऊ शकतो, आणि मागे कॅबिनेट, डिस्क आणि मॉनिटर एवढेच उरते. त्याला अपग्रेड म्हणणे म्हणजे जोत्यासकट भिंती पाडून घराची डागडुजी केली म्हणण्यासारखे आहे. म्हणून खालील सर्व पायऱ्या शेवटी एकाच प्रश्नाकडे नेतात: आपल्याला हवा तो परिणाम मदरबोर्ड न हलवता मिळेल का?

पहिली पायरी: साफसफाई

आपल्या भागात प्रत्येक ठिकाणची धूळ वेगळी असते. वडगाव, शहापूर, खासबाग येथील मागांच्या वस्तीत सुताचे तंतू असतात, निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ चिकट बारीक भुकटी असते, आणि खानापूरच्या बाजूला उन्हाळ्यात तांबडी माती व पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओल असते. सुताचे तंतू हीटसिंकच्या पात्यांवर जाळीसारखे बसून हवा अडवतात. तंबाखूची भुकटी पंख्याच्या आसापर्यंत जाऊन त्याचा आवाज वाढवते. ओलीमुळे रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर चढतो, आणि पावसाळ्यात संगणक सुरूच न होण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी तेवढ्यावरच मिटतात.

साफसफाई करताना वीजपुरवठ्याची वायर काढावी, त्यानंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा आणि मगच झाकण उघडावे. ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने अडवून धरावा, कारण मोकळा सोडलेला पंखा हवेच्या झोताने अतिवेगाने फिरून बिघडू शकतो. रॅमच्या पट्टीचे टोक खोडरबराने घासण्याची आपल्याकडची पद्धत अगदी चुकीची नसली, तरी रबराचे कण खाचेत राहतात आणि जोरात घासल्यास मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनी तेच काम अधिक सुरक्षितपणे होते. चार-पाच वर्षांत प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदललेली नसेल, तर ती याच वेळी बदलावी.

यानंतर तापमान पाहावे. एचडब्ल्यूइन्फो या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर आणि कार्ड या दोहोंचे तापमान दिसते. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि एनव्हीडियाच्या जीटीएक्स १०६० च्या पिढीतील ग्राफिक्स कार्डे ८३ अंशांच्या सुमारास वेग आवरू लागतात. अर्धा तास खेळूनही संगणक या मर्यादांपासून बराच खाली राहत असेल, तर उष्णतेचा मुद्दा संपला असे समजावे.

दुसरी पायरी: फुकटातली ताकद

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचे एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचे सेटिंग सुरू आहे का, ते पाहावे. हे सेटिंग बंद असेल, तर ३२०० वेगाची पट्टीही २१३३ किंवा २४०० वर चालते, आणि एएमडीच्या रायझनसारख्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत दळणवळणाचा वेग रॅमच्या वेगाशी जोडलेला असल्याने त्याचा फटका दुप्पट जाणवतो. मदरबोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात. पहिल्या दोन खाचांत शेजारी-शेजारी बसवल्यास दोन्ही मिळून एकाच मार्गाने काम करतात. एकाच पट्टीवर चालणाऱ्या संगणकाला तशीच दुसरी पट्टी जोडल्यावर गेममधील झटके कमी होतात, हा माझा अनेक संगणकांवरचा अनुभव आहे.

विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर पुढचे काहीही मोजण्याआधी एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला साधारण दीडशे ते दोनशे एमबी देते, साधी साटा एसएसडी सुमारे ५५० देते, आणि मदरबोर्डावर एम.२ खाच असल्यास तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी ३५०० च्या घरात जाते. साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक गेम खेळताना फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो. ही एसएसडी पुढे नव्या संगणकातही जाते, त्यामुळे हा खर्च कोणत्याही निर्णयात वाया जात नाही.

तिसरी पायरी: अडते नेमके कुठे?

आता मोजमाप करावे, कारण इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या भागावर जातात. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे प्रोग्रॅम बसवून पडद्यावर चार आकडे दिसतील अशी व्यवस्था करावी: फ्रेमचा वेग, ग्राफिक्स कार्डाचा वापर, कार्डावरील मेमरीचा वापर आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधणारे सेटिंग) आणि फ्रेमची कोणतीही मर्यादा बंद करावी, आणि आपण खरोखर खेळतो तोच गेम, त्यातल्या सर्वांत गर्दीच्या जागी, पंधरा मिनिटे खेळावा.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड थकले आहे. कार्ड ६०–७० टक्क्यांवर निवांत असूनही फ्रेम कमी पडत असतील, तर प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवत नाही, असा अर्थ होतो. प्रोसेसरचा एकूण वापर ५० टक्के दिसला, म्हणून तो मोकळा आहे असे मात्र समजू नये. सहा कोअरपैकी एकच कोअर पूर्ण भरलेला असला, तरी सबंध गेम त्याच्या मागे ताटकळत राहतो. शंका राहिल्यास सोपी परीक्षा आहे: गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण कार्डाची होती, जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची.

सरासरीपेक्षा तळातल्या १ टक्का फ्रेमचा आकडा अधिक महत्त्वाचा असतो. सरासरी ८० असून तळाचा आकडा २५ असेल, तर डोळ्यांना तो गेम ८० चा वाटत नाही, अडखळणारा वाटतो. आणि अशा वेळी दोष बहुधा रॅमचा, कार्डावरील अपुऱ्या मेमरीचा किंवा डिस्कचा असतो. हे सर्व आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, कारण शेवटी ते पुन्हा लागणार आहेत.

इथे मॉनिटरचाही विचार करावा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि आपल्या गेममध्ये तळाचे आकडेही साठच्या आसपास असतील, तर नव्या संगणकाने पडद्यावर फारसे काही बदलणार नाही. काही वेळा खरे अपग्रेड म्हणजे केवळ १४४ हर्ट्झचा मॉनिटर असतो, हे संगणक विकणारा आपणहून सहसा सांगत नाही.

चौथी पायरी: सॉकेटची हद्द

आता मदरबोर्डाचे नेमके मॉडेल सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये पाहून निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या प्रोसेसरांची यादी काढावी. दुकानदाराच्या आठवणीवर किंवा मित्राच्या बोर्डावरून केलेल्या अंदाजावर येथे विसंबू नये.

एएमडीचे एएम४ सॉकेट ज्यांच्याकडे आहे, ते या बाबतीत सर्वांत नशीबवान आहेत. २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर ज्या सॉकेटवर आले, त्याच सॉकेटवर ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात. बी४५० बोर्ड तर बायोस अद्ययावत करून हे सहज स्वीकारतात, आणि २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांसाठीही तशी सोय झाली. म्हणजे २०१८ चा रायझन ५ २६०० काढून त्या जागी रायझन ५ ५६०० बसवता येतो, आणि रॅम, बोर्ड, कॅबिनेट जिथल्या तिथे राहतात. गेमसाठी याच सॉकेटवरचा सर्वांत नावाजलेला प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स३डी हा २०२२ मध्ये आला होता, पण तो आता नवा सहज मिळत नाही, आणि जुन्या बाजारातल्या त्याच्या किमतीला भुलून जाऊ नये असे मला वाटते.

इंटेलकडे हद्द लवकर येते. सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर व आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर यांचे सॉकेट दिसायला एकच, म्हणजे एलजीए ११५१ असले, तरी एकाचा बोर्ड दुसऱ्याला अधिकृतपणे चालत नाही. जुने प्रोसेसर घेताना फसगत होते ती बहुधा येथेच. दहाव्या पिढीच्या एच४१० आणि बी४६० बोर्डांवर अकराव्या पिढीचे प्रोसेसर चालत नाहीत. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे एलजीए १७०० हे मात्र एकच कुटुंब आहे, त्यामुळे बाराव्या पिढीचा आय-थ्री असलेल्याला पुढे बरीच वाट मोकळी आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचा प्रोसेसर जुना घेत असाल, तर त्यांच्यातील अस्थिरतेचा दोष २०२४ मध्ये उघड झाला होता आणि त्यावरील उपाय बायोस अद्ययावतातून आला, हे लक्षात ठेवून आधी बोर्डाचा बायोस नवा करावा. एकदा झिजलेला प्रोसेसर त्या उपायाने पूर्ववत होत नाही.

पाचवी पायरी: विंडोजची आणि गेमची कुलुपे

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेची वाढीव अद्ययावते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवलेली आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त कळा जपणारी सुरक्षा यंत्रणा), सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका ही सुरुवात धरावी. "माझ्या संगणकात टीपीएम नाही" असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या बोर्डात ते असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेले असते; इंटेलच्या बोर्डात पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम या नावाने ते शोधावे. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेले असेल, तर डिस्क आधी जीपीटी स्वरूपात आणावी लागते, आणि हे काम महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय करू नये.

हा मुद्दा आता केवळ सुरक्षेपुरता राहिलेला नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूटशिवाय चालतच नाही. डूम: द डार्क एजेससारख्या गेमला कार्डात रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची, स्वतंत्र यंत्रणा असावीच लागते, त्यामुळे जीटीएक्स नावाची कार्डे तेथे कितीही सेटिंग कमी केली तरी उपयोगी पडत नाहीत. एनव्हीडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठीचे नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले असून, ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेची अद्ययावते देण्याचे जाहीर केले आहे. जुनेच गेम खेळणाऱ्याला याने काही अडत नाही. दरवर्षी नवा गेम घेणाऱ्याने मात्र याची नोंद घ्यावी.

सहावी पायरी: वीज

आपल्या गावांत हा भाग कार्डाइतकाच महत्त्वाचा आहे. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते, वळवाच्या पावसात वीज जाते-येते, आणि अनेक जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतेच असते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तो संगणकाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, मग नवे कार्ड आणावे.

पॉवर सप्लायवरचे लेबल वाचावे. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल आणि ८० प्लसची (वीज कमी वाया घालवण्याची) खूण असेल, तर व्होल्टेजचे चढउतार तो बऱ्यापैकी सोसतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, नाव न ऐकलेल्या कंपनीचा, वजनाला हलका पॉवर सप्लाय असेल, तर त्यावर छापलेल्या वॉटचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर नवे कार्ड लावू नये. चांगल्या पॉवर सप्लायलाही सात-आठ वर्षे झाली असतील, तर मी तो बदलतो. हा खर्चही पुढच्या संगणकात तसाच कामी येतो.

आकड्यांची भीती बाळगण्याचे मात्र कारण नाही. जीटीएक्स १०६० ला १२० वॉट लागत होते, आरटीएक्स ५०६० ला १४५ लागतात, आणि निर्मात्याची शिफारस ५५० वॉटच्या पॉवर सप्लायची आहे. अडते ते यूपीएसपाशी. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉटच देतो, त्यामुळे गेम ऐन रंगात असताना वीज गेली की तो संगणकासकट बंद पडतो. गेमिंग संगणकासाठी १००० व्हीएच्या पुढचा यूपीएस पाहावा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा आणि तो स्क्वेअर वेव्हचा नसून शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, याची खात्री करावी.

सातवी पायरी: कार्ड निवडताना

मोजमापात कार्डच दोषी ठरले, तर जुन्या बोर्डावर कोणते कार्ड पूर्ण काम करेल, ते पाहावे. बी४५० किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर कार्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी असते. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीसारखे कार्ड फक्त चार मार्गिका वापरते, म्हणून ते अशा बोर्डावर स्पष्टपणे मंदावते. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० आठ मार्गिका वापरतात. त्यांचे नुकसान एरवी थोडेच असते, पण ८ जीबी मेमरी भरली की ते वाढते. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड आकर्षक असले तरी त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सर्व मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते बरेच मागे पडते, म्हणून जुन्या संगणकासाठी मी ते सुचवत नाही. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. चार-पाच वर्षांसाठी घेत असाल, तर १६ जीबीचेच घ्यावे. कॅबिनेटमधील जागा मोजपट्टीने मोजावी, हे सांगण्याची गरज नसावी, पण कार्ड परत करायला पुन्हा कुरिअर शोधत फिरलेला मी स्वतःच आहे.

आठवी पायरी: हिशेब

आता कागदावर दोन स्तंभ करावेत आणि दोन्हींतल्या किमती एकाच दिवशी, त्याच दुकानातून घ्याव्यात. पहिल्या स्तंभात अपग्रेडचे भाग लिहावेत. दुसऱ्या स्तंभात त्याच ताकदीचा नवा संगणक लिहावा, पण त्यातून जुन्यातले जे वापरता येईल ते, म्हणजे एसएसडी, मॉनिटर आणि ठीक असल्यास कॅबिनेट व पॉवर सप्लाय, वजा करावे. पहिल्या स्तंभातून काढलेल्या भागांची विक्री किंमत वजा करावी, आणि दुसऱ्यातून सबंध जुन्या संगणकाची.

माझा ठोकताळा असा आहे: नव्याचा खर्च १०० धरला तर अपग्रेड ४० च्या आत बसत असेल, तर निःशंकपणे अपग्रेड करावे, ६० च्या वर जात असेल, तर थोडे थांबून नवाच जुळवावा. मधल्या पट्ट्यात असाल, तर विंडोज ११ चालते का आणि हा संगणक आणखी तीन वर्षे खेळवायचा आहे का, या दोन उत्तरांवर ठरवावे.

सध्या तराजूचे एक पारडे जड झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली आहे, की २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम घेतो, त्यामुळे नव्या संगणकात रॅमचा खर्च टाळता येत नाही. ज्याच्याकडे आधीच डीडीआर४ च्या १६ जीबी चांगल्या पट्ट्या आहेत, त्याच्या हातात आज अनपेक्षितपणे मौल्यवान वस्तू आहे, आणि माझा ४० चा आकडा अशा वेळी ५० पर्यंत ताणायला हरकत नाही. नवाच घ्यायचा ठरला, तर एएम५ ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे सांगितले आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूने मोजावी.

तीन संगणक, तीन उत्तरे

पुतण्याचा संगणक रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १०६० आणि एक पट्टी रॅम असा होता. साफसफाई, दुसरी पट्टी आणि एक्सएमपी यांनंतर तळाचे आकडे सुधारले आणि मग कार्ड ९८ टक्क्यांवर दिसू लागले, म्हणजे खरी अडचण आता समोर आली. त्याला कार्ड आणि पॉवर सप्लाय घेऊन दिला. प्रोसेसर पुढच्या वर्षी ५६०० घेता येईल, कारण सॉकेट त्याला अडवत नाही.

खानापूरच्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याकडे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह ७४०० आणि जीटीएक्स १०५० टीआय होते. चार कोअर, चार थ्रेड, विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि त्या बोर्डावर वरचा पर्याय म्हणजे आय-सेव्हन ७७००, जो जुन्या बाजारात महाग मिळतो आणि तोही यादीत नाही. येथे मदरबोर्ड हलवल्याशिवाय काहीच साधत नव्हते. त्याला मी एकही भाग घेऊ दिला नाही. फक्त एसएसडी घ्यायला सांगितली, जी पुढे नव्यात जाईल, आणि उरलेले पैसे साठवायला सांगितले.

तिसरा संगणक दहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह १०४००एफ आणि जीटीएक्स १६५० चा होता. प्रोसेसर अजून पुरेसा, विंडोज ११ चालते, अडत होते फक्त कार्ड. अशा संगणकाला कार्ड बदलणे एवढेच उत्तर आहे, आणि त्यावर अधिक विचार करण्यात वेळ घालवू नये.

खरेदी कोठे करावी

बेळगावातले दुकान, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा ऑनलाइन, असे पर्याय आपल्यापुढे असतात. राज्याची सीमा ओलांडली तरी सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्केच राहतो, त्यामुळे केवळ कराच्या आशेने प्रवास करण्यात अर्थ नाही. बिलाविना स्वस्त दिलेल्या भागाची बचत वॉरंटीची वेळ आली की दुपटीने वसूल होते. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय मी शक्यतो जवळच्या दुकानातून घेतो, जरी थोडे पैसे जास्त पडले तरी, कारण बिघडल्यास तो भाग पाठवण्याची जबाबदारी दुकानदार घेतो. कार्ड आणि प्रोसेसर जिथे बिलासह स्वस्त मिळेल तिथून घेण्यास हरकत नाही. वॉरंटीचा दावा कोणत्या शहरातल्या केंद्रात करावा लागेल, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्यावे.

जुने कार्ड घेताना मूळ बिल, अनुक्रमांक आणि उरलेली वॉरंटी पाहावी, आणि विकणाऱ्याच्या घरी त्याच्याच संगणकावर निदान अर्धा तास गेम चालवून तापमान बघावे. पडद्यावर ठिपके, रेघा किंवा क्षणभर काळोखी आली, तर नमस्कार करून परत यावे. जुना पॉवर सप्लाय मात्र कोणत्याही भावात घेऊ नये.

बसवण्याचा क्रम

प्रोसेसर बदलायचा असेल, तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा, आणि हे काम यूपीएस असल्याशिवाय करू नये. मध्येच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. काही बोर्डांत नवा बायोस टाकल्यावर फार जुने प्रोसेसर चालत नाहीत, म्हणून निर्मात्याची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्शन सुरू असेल, तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण प्रोसेसरसोबत एफटीपीएम बदलते आणि संगणक पहिल्याच सुरुवातीला ती की मागतो. मदरबोर्डच बदलायचा असेल, तर विंडोजचा परवाना वेगळा विकत घेतलेला रिटेल आहे की संगणकासोबत आलेला ओईएम आहे, हे पाहून ठेवावे. ओईएम परवाना सहसा नव्या बोर्डावर जात नाही.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर संगणक एक दिवस वापरावा. रॅम, कार्ड आणि पॉवर सप्लाय एकाच संध्याकाळी बदलून संगणक सुरू झाला नाही, तर दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडा जातो. नवी रॅम घातल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा.

सर्व झाल्यावर तिसऱ्या पायरीतली वही उघडावी, तोच गेम त्याच जागी तेवढाच वेळ खेळून तेच चार आकडे पुन्हा लिहावेत. आकडे अपेक्षेप्रमाणे हलले नसतील, तर परतीची मुदत संपायच्या आत, भागाचे वेष्टन न फेकता, बिल घेऊन दुकानात जावे.